आधी काय, मग काय

मिल्कामावशीकडे कुठलीही गोष्ट शेवटापासून सांगायची सोय नव्हती. मी गुडघा फोडून, भोकाड पसरून तिच्या दारात उभी, आणि ही बाई हातातला चहाचा कप सावकाश खाली ठेवून विचारणार, "आधी काय?"

"मावशी, पडले!"

"पडलीस ते दिसतंय मला. पडायच्या आधी काय?"

"धावत होते."

"मग काय?"

एवढी उलटतपासणी झाली की मग कापूस आणि आयोडीन. तोवर माझं रडं आटोपलेलं असायचं, कारण एकेक गोष्ट ओळीत लावून सांगताना माणसाला धड रडता येत नाही. हे तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, चांगलं ठाऊक होतं.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही ठाण्याहून इस्रायलला आलो आणि सरकारनं आम्हाला अरादमध्ये घर दिलं. वाळवंटातलं गाव. हवा इतकी कोरडी की सकाळी दोरीवर टाकलेली चादर दुपारी पापडासारखी वाजायची. दम्याच्या लोकांना ही हवा मानवते म्हणून लांबून लांबून पेशंट यायचे, आणि आई म्हणायची, "ज्यांना दमा नाही त्यांनी इथे काय करायचं, ते कुणी सांगत नाही." आमच्या समोरचं दार मिल्कामावशीचं. मूळची भायखळ्याची. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात बारा वर्षं वॉर्डात घासून इकडे आलेली, आणि आता गावातल्या कुपाची, म्हणजे आजारपणाच्या विम्याच्या दवाखान्याची, सिस्टर. बुटकी, गोल, चालताना दोन्ही हात अंगापासून लांब धरणारी. छातीवर उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ. ते ड्युटीवर असायचंच, पण घरातल्या गाऊनवरही असायचं आणि लग्नात रेशमी साडीवरही असायचं. एकदा मी विचारलं, "मावशी, अंघोळीला तरी काढतेस का?" तर म्हणाली, "काढते. पण दिसेल असं ठेवते."

नवरा तिचा लवकर गेला. मुलगा हैफाला बंदरावर कामाला लागला आणि तिकडचाच झाला. घरात ती, एक रेडिओ आणि बडीशेपेची बरणी. तोंडात बडीशेप टाकली की समजायचं, बाई आता बोलणार. आणि बोलणं तरी कसं! गोड बोलणं तिला मुंबईला विसरून आल्यासारखं झालं होतं. आमच्या प्रार्थनाघरात सगळे डोळे मिटून म्हणायचे तेव्हा ही एकटी डोळे टक्क उघडे ठेवून लोकांचे चेहरे बघत बसायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "देव मला बघतोच आहे. मी तुम्हाला बघते. एवढ्या म्हाताऱ्यांत कुणी कोसळलं तर बघायला एक जण नको?"

आणि एकदा खरंच कोसळलं. एका मुलाच्या बार मित्झवाला, म्हणजे तेरा वर्षं पुरी झाल्याच्या समारंभाला, जेवणं चालू असताना, त्याचा चुलतभाऊ खुर्चीवरून खाली आला. अंग ताठ, मग झटके, तोंडाला फेस. झालं! आमची सगळी मंडळी कोकण-मुंबईचं शहाणपण घेऊन धावली. एकानं चप्पल काढली हुंगवायला. एकीनं स्वयंपाकघरातून कांदा आणला, तोही हातानं फोडून. प्रार्थना सांगणारे सॅमसन अंकल, एरवी इतके सोज्वळ, पण त्यांनी जेवायचा चमचा उचलला आणि त्या पोराच्या दातांत घालायला वाकले. मिल्कामावशीनं त्यांच्या हातावर अशी चापट मारली की चमचा खणखणत टेबलाखाली गेला.

"दात पाडायचेत का त्याचे? बाजूला व्हा सगळे! कुणी धरायचं नाही, कुणी काही हुंगवायचं नाही. अंकल, तो कांदा जेवणात घाला."

तिनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली शाल घातली आणि घड्याळ हातात घेऊन बसून राहिली. बास. एवढंच. बाकीच्यांना वाटलं ही काही करतच नाहीये. दीड-दोन मिनिटांनी पोरगं सैल पडलं, घोरायला लागलं. "पाच मिनिटांवर गेलं असतं तर अँब्युलन्स बोलावली असती," ती म्हणाली. "घड्याळ बघितल्याशिवाय कसं कळणार? घाबरलेल्या माणसाला एक मिनिट अर्ध्या तासासारखं वाटतं." सॅमसन अंकल चार दिवस हात चोळत फिरत होते.

तेव्हापासून आमच्या गावात सगळ्यांना वाटायचं, आपल्याला आकडी म्हणजे काय ते कळलं. माणूस पडतो, झटके येतात, फेस येतो. न पडता, न हलता, बसल्या जागीही आकडी येते, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि ती तर माझ्या आईला आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येत होती.

आता आईचं सांगायला हवं. बेने इस्रायल लोकांचं, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंचं घर म्हटलं की मलिदा आलाच. नवस फिटला, मूल झालं, मुलगा लष्करातून धड परत आला, की पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, बदाम कालवून ताट भरायचं, भोवती पाच तऱ्हेची फळं मांडायची आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायचं. एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया प्रेषित, पण आमचा घरचाच माणूस. हाकेला येणारा. तर माझी आई, हॅनाबाई, मलिद्यासाठी सगळीकडे प्रसिद्ध होती. पोह्यांच्या चवीसाठी नव्हे. गाणं रंगात आलं की कधी कधी आई एकदम स्तब्ध व्हायची. नजर कुठेतरी लांब. ओठ हलायला लागायचे, आवाज नाही. पदराचं टोक चिमटीत धरून चोळत राहायची. बायका एकमेकींना कोपर मारायच्या, "आले, आले, हन्नाबी आले हॅनाच्या ताटावर." दिमोनाहून, बेर-शेवाहून बायका बस पकडून यायच्या. कुणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते, कुणाच्या मुलाला नोकरी नव्हती. आईच्या पायाशी बसून मनातल्या मनात मागायच्या. मी लहानपणापासून हे बघत आले आणि मला केवढा अभिमान होता! आई मात्र नंतर कुणी पाया पडायला आलं की गोंधळून जायची. "मी काय केलं गं?" असं मला हळूच विचारायची. आम्ही म्हणायचो, विनय आहे तिचा.

एरवी घरात दूध उतू जायचं, चपाती करपायची, आपण काहीतरी विचारावं आणि आईनं ऐकूच नये. "आईचं लक्ष नसतं," एवढंच आम्ही म्हणायचो. बाबा गेल्यापासून जास्तच, असंही म्हणायचो. माणसं आपल्याच घरात किती आंधळी असतात, देवा!

मला मुलगी झाली, याएल, तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. रशियातून माणसांचे लोंढे येत होते आणि अरादच्या भाजीबाजारात हिब्रूपेक्षा रशियन जास्त ऐकू यायची. मी शाळेच्या ऑफिसात कामाला होते. बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची, ती संपत आलेली. नवरा मृत समुद्रावरच्या कारखान्यात, पहाटे बसनं जायचा तो संध्याकाळी. याएलला आई सांभाळणार हे ठरलेलंच होतं. त्याच आनंदात आईनं मलिदा घातला.

मिल्कामावशी एरवी मलिद्याला शेवटी यायची, ड्युटी संपवून, उभ्या उभ्या वाटीभर पोहे खाऊन जायची. त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती बरोबर आईच्या समोर बसली, डोळे उघडे. गाण्यात आई स्तब्ध झाली. बायकांनी कोपरं मारली. मी कौतुकानं मावशीकडे बघितलं, तर मावशी आईकडे बघत होती आणि तिचा हात छातीवरच्या घड्याळाकडे गेला होता.

पांगापांग झाल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. तोंडात बडीशेप टाकली.

"शुले, बाळाला हॅनाकडे एकटं ठेवू नकोस."

"म्हणजे?"

"ती प्रार्थना नव्हती. ती फिट होती."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "मावशी, आई पडली कुठे?"

"सगळ्या पडत नाहीत. ऐक. आधी तिनं पोटावर हात ठेवला, काहीतरी पोटातून वर चढल्यासारखं. मग नजर थांबली. मग तोंड. ते शब्द नव्हते गं, नुसतं मिटक्या मारणं, आवंढे गिळणं. उजवा हात पदराशी चाळा करत होता, डावा ताठ होऊन वाकडा झाला होता. एक मिनिट चाळीस सेकंद. आणि मुख्य गोष्ट, सगळ्यांचं आमेन म्हणून झालं तरी हिचं चालूच होतं. प्रार्थना करणारा माणूस आमेनला थांबतो. जा, विचार तिला, फळांवरचा आशीर्वाद कुणी म्हटला ते. तिला माहीत नसणार."

"ती भक्त आहे, मावशी! तुला देवधर्माचं काय कळतं? तू तर डोळेसुद्धा मिटत नाहीस."

"मिटत नाही म्हणूनच दिसलं. मला लाज वाटते शुले, इतकी वर्षं मी शेवटी येऊन पोहे खाऊन गेले. आणि मला सांग, मलिद्याच्या आदल्या रात्री ही झोपते कधी? खोबरं खवत बसते, सकाळी उपाशी. एलियाहू हन्नाबी नेमके जागरण केलेल्या बाईकडेच का येतात?"

मी तिला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. फेफरं? माझ्या आईला? आमच्यात असला शब्द लग्नाच्या मुली असलेल्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. समोरासमोर दारं, सकाळी एकाच वेळी उघडायची, आणि मी मान फिरवून जिना उतरायची. ती मात्र रोज म्हणायची, "गुड मॉर्निंग, शुला." मुंबईच्या मॅट्रनसारखं.

आणि आईला मी विचारलंच नाही, फळांचा आशीर्वाद कुणी म्हटला ते. विचारायची हिंमतच झाली नाही.

कामावर जायला लागून तिसरा दिवस. दुपारी एक कागद घरी विसरला म्हणून परत आले. दार नुसतं लोटलेलं. जेवायच्या टेबलावर टॉवेल अंथरून आई याएलचे लंगोट बदलायची, तशी टेबलाशी उभी होती. उजव्या हातात लंगोटाचं टोक, ते ती चोळत होती. डावा हात ताठ. नजर भिंतीच्या पलीकडे. तोंडानं मिटक्या. आणि याएल, जेमतेम तीन महिन्यांची, नुकतीच कुशीवर वळायला शिकलेली, वळत वळत टेबलाच्या काठाशी आलेली. एक पाय बाहेर लोंबत होता.

मी झेप घेतली आणि तिला उचललं. लागलं नव्हतं काही. ती तर खुशीत होती.

"आई! आई गं!" मी ओरडले. आईनं आवंढा गिळला. मी तिथेच होते, हातभर अंतरावर, आणि माझी आई तिथे नव्हती. हे मी अजून विसरलेले नाही. तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. मग कुठून कोण जाणे, मिल्कामावशीचा आवाज डोक्यात आला, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बघत राहिले. आधी काय, मग काय. हात, नजर, तोंड. सव्वा मिनिटानं आईनं लांब श्वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "शुला? तू कधी आलीस? लंगोट कुठे ठेवला गं मी?" लंगोट तिच्या हातातच होता.

आईला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ती नीट माझ्याशी बोलायला लागेपर्यंत तिच्याजवळ थांबले. मग याएलला कडेवर घेऊन समोरचं दार ठोठावलं. आता ऐकून घ्यायचं, म्हटलं. सांगितलं होतं ना, असं म्हणणार आणि तिचा हक्कच होता.

मावशीनं दार उघडलं. माझा चेहरा बघितला.

"बाळाला लागलं?"

"नाही."

"हॅनाला?"

"नाही."

"मग बस. आधी काय?"

मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. वाटलं ते काढून टाकत होती, दिसलं तेवढंच ठेवत होती. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही, तिनं ते वाक्य मला ऐकवलं नाही. मला अजून त्याची लाज वाटते आणि अजून बरंही वाटतं.

पहिल्या डॉक्टरनं आईला तपासून सांगितलं, नवरा गेलाय, मनावर ताण आहे, या शांत राहायच्या गोळ्या घ्या. मावशीनं ती चिठ्ठी दवाखान्याबाहेर येताच चार तुकडे करून पर्समध्ये टाकली. कचरा रस्त्यावर टाकणाऱ्यांतली ती नव्हती. मग तिनं बेर-शेवाच्या मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ मिळवली. कशी मिळवली विचारू नका. कुपाच्या फोनवर ती अर्धा तास कुणावर तरी ओरडत होती एवढं मी ऐकलं.

डॉक्टर निघाल्या रशियाहून नव्यानंच आलेल्या. मोठ्या हाडाच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. त्यांचं हिब्रू आईच्या हिब्रूपेक्षाही दोन बोटं कमी. एकीला प्रश्न विचारता येईना, दुसरीला उत्तर देता येईना. मध्ये मिल्कामावशी. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला, तर तो स्वच्छ. मी आनंदानं उठलेच. मावशीनं मला पदराला धरून खाली बसवलं.

"कागद स्वच्छ आला म्हणजे डोकं स्वच्छ, असं नसतं. फिट नसताना काढलाय तो," ती म्हणाली आणि तिनं पर्समधून आपली वही काढली. मलिद्याची गोष्ट, टेबलाची गोष्ट, त्यानंतरच्या पंधरा दिवसांत तिनं आणि मी टिपलेल्या आणखी दोन. मोडक्या हिब्रूत, हातवारे करत, तिनं ते ओळीनं वाचलं. पोटावर हात. नजर. तोंड. उजवा हात चाळा करतो, डावा ताठ.

डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता सरळ बसल्या. आपलं पेन खाली ठेवलं. मग आपल्या कानशिलाच्या उजव्या बाजूला बोट लावून म्हणाल्या, "इथे." आणि उठून मावशीचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मावशी लाजली. मिल्कामावशीला लाजताना मी तेवढंच एकदा बघितलं.

पुढच्या वेळी रात्रभर जागवून आलेख काढायचा होता. मावशीनं आईला रमी खेळवत जागं ठेवलं, आणि आई नंतर महिनाभर सांगत होती, "मिल्का पत्ते लपवते." या वेळी आलेखात सापडलं. चुंबकाच्या मशीनमध्ये घालून फोटो काढला, त्यातही सापडलं, उजव्या कानशिलाच्या आत एक जुना व्रण. बारीकसा. लहानपणी कधी तापात आकडी आली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. आईला आठवलं, तिची आई सांगायची, दोन वर्षांची असताना तापात तुझे डोळे फिरले होते, बराच वेळ.

"हॅना, ऐक," मावशीनं मराठीत समजावलं. "घरातली सगळी वीज गेली, तर माणूस पडतो, झटके येतात. तुझं तसं नाही. तुझ्या घरात एकाच खोलीतला दिवा फडफडतो. बाकीचं घर उजेडात असतं, म्हणून तू उभी राहतेस, बसून राहतेस, हात हलवतेस. पण त्या खोलीत तुझी आठवण ठेवलेली आहे, म्हणून तेवढ्यापुरतं तुला काही कळत नाही. क्वचित फडफड घरभर पसरू शकते, म्हणून गोळ्या घ्यायच्या. रोज. वेळेवर. कळलं?"

आई खाली मान घालून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "मिल्का, ते सुरू व्हायच्या आधी मला गूळ जळल्याचा वास येतो. पोटातून काहीतरी वर येतं, जत्रेतला पाळणा खाली येताना येतं तसं. आणि वाटतं, हे सगळं आधी झालंय, हीच खोली, हीच माणसं. तीस वर्षं येतंय गं. मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं मी वेडी होतेय. ठाण्याला आमच्या गल्लीत एक बाई होती, तिला घरच्यांनी बांधून ठेवलं होतं. मग बायका म्हणायला लागल्या की हन्नाबी येतात. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, तसं तर तसं, वेडं होण्यापेक्षा बरं." तिनं मान वर केली. "म्हणजे मी वेडी नाही ना?"

"नाही गं बाई. तुला नाव असलेला आजार आहे. नाव आहे त्याला गोळी आहे."

आई रडायला लागली आणि थांबेचना. डॉक्टरीणबाई घाबरल्या, त्यांना वाटलं काही वाईट सांगितलं गेलं. मावशीनं त्यांना हिब्रूत एकच शब्द सांगितला, सुटली.

घरी आल्यावर मावशीनं पेचकस घेतला आणि आईच्या न्हाणीघराची कडी स्वतः काढली. "आतून बंद करायचं नाही. गाणं म्हणत अंघोळ कर, लोकांना कळेल." चहा मागच्या शेगडीवर. बाळाला अंघोळ मी घरी असताना. लंगोट बदलायचा तर जमिनीवर गादी टाकून. माझी याएल अशी जमिनीवरच वाढली, आणि म्हणून की काय लवकर रांगायला लागली. गोळ्यांचं प्रमाण बसेपर्यंतचे चार महिने मावशीनं आपली ड्युटी दुपारची करून घेतली आणि सकाळभर आईसमोर बडीशेप चघळत बसली. पहिल्या गोळ्यांनी आईला गरगरायचं, मग डॉक्टरांनी हळूहळू बसवलं. फिट महिन्यातून तीन-चार यायच्या त्या दोन महिन्यांत एकीवर आल्या, मग बंद. सगळ्यांचं असं होतंच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. आईचं झालं. मी देवाचे आभार मानते आणि लगेच मिल्कामावशीचे मानते, कुणाला राग आला तर येवो.

राग आलाच बायकांना. दिमोनाच्या एकीनं मला तोंडावर सांगितलं, "तुमच्या त्या नर्सनं हन्नाबींना घालवलं." आईनं ठरवून टाकलं की आता ताट पुढ्यात घ्यायचं नाही, लोक काय म्हणतील. एका शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी प्रार्थना संपल्यावर मावशी सगळ्यांसमोर उभी राहिली. हॅनाला काय आहे ते तिनं ओळीनं सांगितलं, आधी काय, मग काय, आणि असं कुणाला झालं तर धरायचं नाही, हाका मारून पिडायचं नाही, जवळ थांबायचं, गॅसपासून पाण्यापासून दूर ठेवायचं आणि घड्याळ बघायचं, तेही सांगितलं.

सॅमसन अंकलनी विचारलं, "मिल्काबाई, मग आम्ही इतकी वर्षं तिच्या पायाशी बसून मागितलं, त्याचं काय?"

"तुम्ही हॅनाकडे मागितलं होतं की देवाकडे?"

अंकलनी बोट वर आभाळाकडे केलं.

"मग बास तर. ते पोचलंय. आणि एलियाहू हन्नाबींना यायचं असेल तर ते सरळ दारातून येतील. एका बाईच्या तोंडून मिटक्या मारत कशाला येतील? ताट हॅनाच्याच पुढ्यात राहील. पोहे तिच्यासारखे कालवतंय कोण?"

अंकल हसले. आपला तो जुना चापट खाल्लेला हात वर करून म्हणाले, "सिस्टरपुढे मी चमचा उचलत नाही." सगळे हसले आणि प्रकरण मिटलं. दिमोनाची ती बाई पुढच्या मलिद्याला आली, पहिल्या रांगेत बसली. सवय, दुसरं काय.

एवढं होऊनही मिल्कामावशीनं आईवरची नजर काढली नाही. प्रत्येक मलिद्याला ती आता सुरुवातीपासून यायची, आईच्या समोर बसायची. गाणं सुरू झालं की डावा हात घड्याळावर. एक वर्ष गेलं, तीन गेली, सात गेली. आई गाणं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत म्हणायची, आमेनला सगळ्यांबरोबर आमेन म्हणायची, आणि मग मावशीचा हात खाली यायचा. आई चिडायची. "मिल्का, मी काय चोर आहे? सारखी काय बघतेस?" मावशी म्हणायची, "तू गा."

मी मावशीला शेवटचं बघितलं तेही मलिद्यालाच. दोन हजार साल उलटून गेलं होतं. मावशी निवृत्त झाली होती, गुडघे गेले होते, जिने होईनात. हैफाहून मुलगा न्यायला आला होता. सामान खाली गाडीत भरलेलं, रेडिओ याएलला देऊन झालेला. जायच्या दिवशी आईनं मलिदा घातला, आदल्या रात्री नीट झोपून, खोबरं सकाळी खवून. मावशीनं याएलला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

गाणं सुरू झालं. सवयीनं मी मावशीकडे बघितलं. हात घड्याळावर होता. आई गात होती, आता म्हातारी झालेल्या पातळ आवाजात, पदर खांद्यावर नीट, दोन्ही हात ताटाच्या काठावर स्थिर. दुसरं कडवं झालं. तिसरं सुरू झालं. आणि मी बघितलं, मावशीचा हात घड्याळावरून घसरून मांडीवर आला, आणि गाणं अजून चालू असताना, आमेन व्हायच्या कितीतरी आधी, मिल्कामावशीनं डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी तिचे मिटलेले डोळे कधी बघितले नव्हते. चेहरा वेगळाच दिसत होता, लहान मुलीसारखा.

आमेन झालं तरी तिनं ते उघडले नाहीत; छातीवरचं घड्याळ तेवढं श्वासाबरोबर संथ वर-खाली होत होतं. याएलनं आजीचा पदर ओढला आणि हिब्रूत कुजबुजली, "साव्ता, ही निर्देमा." आजी, ती झोपली.

आईनं ताटातला पहिला घास वाटीत काढला, मावशीसमोर ठेवला आणि मराठीत म्हणाली, "झोपली नाही गं. तिची ड्युटी सुटली."